लाटांत खेळण्यासाठीची नवी कयाक कशी पारखावी : सांगलीच्या एका वल्हेकऱ्याला उत्तर

सांगलीतील एका वल्हेकऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कृष्णेतील होड्यांच्या शर्यतींत वल्हे मारता मारता त्यांना कयाकची, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद नावेची, गोडी लागली आणि गेली काही वर्षे ते पाच मीटरपेक्षा लांब, अरुंद अशी समुद्रसफरीची कयाक वापरत आहेत. आता किनाऱ्यावरच्या लाटांत खेळण्यासाठी खास घडवलेली, ४.२ मीटर लांबीची नवी प्लॅस्टिकची कयाक त्यांना दोन दिवस वापरून पाहायला मिळणार आहे. ती कशी पारखावी, समुद्रावर नेण्याआधी सांगलीत बंधाऱ्याखालच्या उसळत्या पाण्यात तिची चाचणी घेता येईल का, आणि ही नवी कयाक विकत घेतली तर जुनी नाव विकून टाकावी का, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. बंधाऱ्याखाली ही चाचणी घेऊ नका, पाणी कितीही कमी दिसत असले तरी घेऊ नका. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाते, काही अंतरावर वर येते आणि त्यातील वरचा थर उलटा फिरून पुन्हा बंधाऱ्याकडेच वाहतो. या फेऱ्यात सापडलेली नाव, ओंडका किंवा माणूस पुन्हापुन्हा भिंतीकडे ओढला जातो, आणि पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे लाइफ जॅकेटही नेहमीइतके तरंगवत नाही. समुद्राची लाट तुम्हाला उलटवते, घुसळते आणि काही क्षणांत सोडून पुढे निघून जाते. बंधाऱ्याखालची लाट जागची हलत नाही आणि धरलेले सोडत नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन पाण्यांत एवढा फरक आहे, आणि एकाचा सराव दुसऱ्यासाठी मुळीच उपयोगी पडत नाही. उलटलेली नाव सरळ करण्याचा सरावही नदीत न करता पोहण्याच्या तलावात, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन करावा, असे माझे मत आहे. भिलवडी, औदुंबर, ब्राह्मनाळ या पट्ट्यातील मगरींविषयी तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. वल्हे मारत जाणे वेगळे आणि पाण्यात वारंवार पडून धडपडणे वेगळे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही नाव अशी का घडवली आहे हे लक्षात आले, तर तिच्याकडून काय मागायचे तेही कळते. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या कोणत्याही नावेचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. वेग वाढतो तशी तिनेच उठवलेली लाट लांब होत जाते, आणि ती नावेएवढी लांब झाली की पुढे लावलेला जोर जवळजवळ वाया जातो. पाण्यातील लांबी पाच मीटर असेल तर ही मर्यादा ताशी सुमारे १० किलोमीटर येते आणि चार मीटर असेल तर सुमारे ९. लाटेचे गणित वेगळे आहे. दूर समुद्रात दर १० सेकंदांनी येणारी लाट ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावत असते. उथळ पाण्यात येऊन ती मंदावते आणि उंचावते, म्हणूनच ती आपल्या हाती लागते. किनाऱ्याजवळ तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोलीच्या साधारण पाऊणपट उंची झाली की लाट फुटते. म्हणजे ७५ सेंटिमीटरची लाट सुमारे एक मीटर पाण्यात फुटेल आणि तेथे तिचा वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास असेल. दीड मीटर पाण्यात फुटणाऱ्या लाटेचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो. याचा अर्थ असा, की फुटायला आलेल्या लाटेबरोबर धावायचे असेल तर कोणत्याही कयाकला स्वतःची मर्यादा ओलांडावीच लागते.

तुमची लांब नाव ही मर्यादा ओलांडताना अडखळते. तिला वेग असल्यामुळे ती लाट लवकर, म्हणजे अजून उभी न झालेली असतानाच पकडते, हा तिचा मोठा गुण आहे. पण लाट चढू लागली की तिचे पुढचे टोक लाटेच्या पायथ्याशी पाण्यात रुतते, मागचे टोक वर उचलले जाते, आणि मग ती गर्रकन आडवी होते. लाटांसाठी घडवलेल्या नावेचा तळ मधल्या भागात सपाट असतो, त्यामुळे वेग येताच ती पाणी सारायचे सोडून, मुलांनी नदीवर भाकऱ्या काढताना चपटा दगड निसटत जावा तशी वरून घसरते. तिचे पुढचे टोक वर वळवलेले आणि फुगीर असते, ते रुतू नये म्हणून. तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथली कड गोलाई न देता धारदार ठेवलेली असते, कारण नाव कलवली की ही कडच लाटेच्या उतारात रुतून नावेला वळवते. या नावेचा सारा जीव त्या कडेत आहे. तुमच्या दोन दिवसांतील बहुतेक वेळ ती कड समजून घेण्यात जावा, असे मला वाटते.

याची किंमत कुठे मोजावी लागते, तेही पाहून ठेवा. सपाट तळ जास्त ओला राहतो, त्यामुळे संथ पाण्यावर नाव जड चालते. टोके वर वळलेली असल्यामुळे ती सरळ रेषेत राहायला तयार नसते. बाजूचा वारा आला की पुढचे टोक वाऱ्याकडे वळते आणि मागच्या बाजूची स्केग, म्हणजे तळातून खाली सोडता येणारी लहान पाती, खाली सोडावी लागते. म्हणून हरिपूरच्या संगमापर्यंत एक फेरी मारून ‘जुनीच बरी’ असा निकाल देऊ नका. तसे केले तर या नावेला तिच्या कामाबद्दल काहीच विचारले गेले नाही, असे होईल. उलट चूकही तितकीच सहज होते. सपाट तळाची नाव शांत पाण्यावर बसल्याबरोबर अतिशय स्थिर वाटते, आणि नदीवर शिकलेला माणूस त्या स्थिरतेवर लगेच विश्वास टाकतो. ती स्थिरता सपाट पाण्यापुरतीच आहे. लाटेच्या उतारावर सपाट तळ त्या उताराशी समांतर होऊ पाहतो, म्हणजे तुम्हाला स्वतःबरोबर कलवतो. गोल तळाची नाव तिथे तुलनेने मोकळी राहते.

सांगलीत असतानाच करण्याचे पहिले काम म्हणजे नाव अंगाला बसवणे. जमिनीवर, खाली जुनी सतरंजी घालून, नावेत बसा. पाठीमागचा पट्टा कमरेच्या खालच्या भागाला टेकला पाहिजे, पाठीच्या मध्याला नव्हे. मांड्या वरच्या आधारांखाली घट्ट पण सोडवता येतील अशा बसल्या पाहिजेत आणि नितंबांच्या दोन्ही बाजूंना फटी राहत असतील तर दाट फोमचे तुकडे लावून त्या बुजवाव्यात. एका नितंबावर भार देऊन दुसरा गुडघा वर उचलला असता नाव लगेच कलली पाहिजे. आधी शरीर सरकले आणि मग नाव हलली, तर कड वापरताच येणार नाही आणि तुम्ही दोष मात्र नावेला द्याल. पायांकडे विशेष लक्ष द्या. समुद्रसफरीच्या नावांत पायांसाठी दोन लहान टेकू असतात. लाटेत पुढचे टोक वाळूवर आदळले तर पाय त्या टेकूंवरून निसटून पुढे घुसू शकतात आणि घोट्याला इजा होऊ शकते. नव्या नावेत आडवी सलग पट्टी असेल तर उत्तम, नसेल तर ती बसवून घ्यावी किंवा निदान पुढची पोकळी फोमने भरावी. स्प्रे डेक, म्हणजे कमरेभोवती घालून बैठकीचे तोंड पाण्यापासून बंद करणारे आवरण, या नावेच्या बैठकीभोवतीच्या कठड्यावर नीट बसते का, आणि ते सोडवण्यासाठी ओढायची दोरी बाहेर राहते का, हे तलावात उलटे होऊन तपासा. डोळे मिटून, एका हाताने ते सुटले पाहिजे. तुमचा जुना स्प्रे डेक नव्या नावेला बसेलच असे गृहीत धरू नका. दोन नावांचे कठडे बहुधा वेगवेगळ्या मापाचे असतात.

मग संथ पाण्यावर एक सकाळ द्या. नाव उभी असताना ती हळूहळू कलवत न्या आणि कड पाण्याखाली गेल्यावर पुढे आधार मिळतो की ती एकदम पलटते, ते अनुभवा. चांगल्या रचनेत कडेवर एक थांबा जाणवतो. नंतर मध्यम वेगात असताना डावीकडे कलवा, उजवीकडे कलवा आणि वल्हे न लावता ती किती आणि कोणत्या बाजूला वळते ते पाहा. जागेवरून जोरात दहा वल्ही मारून वेग किती लवकर येतो हे पाहणे महत्त्वाचे आहे, कारण लाट पकडायला तेवढाच अवधी मिळतो. शर्यतीच्या होडीवर तयार झालेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागेल. तुमचा जोर दीर्घ अंतरासाठी घडलेला आहे. लाटेत जोर थोडाच वेळ लागतो, पण तो लाट पायाखाली येण्याच्या नेमक्या क्षणी लागतो. मागे वल्हवण्याचाही सराव करा. पुढे फुटणाऱ्या लाटेपासून एक नावभर मागे सरता येणे हे लाटांतले सर्वांत उपयोगी कौशल्य आहे.

समुद्र कुठला आणि दिवस कोणता, यावर चाचणीचा अर्धा निकाल अवलंबून असतो. सांगलीहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी. कराड-पाटणकडची मंडळी कुंभार्ली घाटाने चिपळूणमार्गे गुहागरला जातात. पहिल्या चाचणीसाठी मंद उताराचा, वाळूचा, खडक नसलेला किनारा हवा. अशा किनाऱ्यावर लाट हळूहळू फुटते आणि फेसाळ पाण्याचा पट्टा रुंद मिळतो. तीव्र उताराचा किनारा असेल तर लाट काठावरच आदळते आणि नाव वाळूवर आपटते. रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा या दृष्टीने बरा आहे, मात्र काजळी नदीच्या मुखापासून पुष्कळ दूर राहावे, कारण ओहोटीला खाडीतून बाहेर धावणारे पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडते आणि तिथे लाटा अवेळी व वेड्यावाकड्या फुटतात. गणपतीपुळ्याला नाव उतरवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिथल्या ओढीने, म्हणजे खोल समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाने, अनेकांचे प्राण घेतले आहेत, आणि शिवाय पाण्यात पर्यटकांची गर्दी असते. पंचवीस किलोची नाव लाटेबरोबर सुटली की ती समोरच्या माणसासाठी जीवघेणी असते; पोहणारे पुढे दिसले तर लाट सोडून द्यावी, आणि तेही जमत नसेल तर स्वतःहून उलटावे, म्हणजे नाव थांबते.

पावसाळ्याचा विचार करूच नका. पावसाळ्यात यांत्रिक नौकांची मासेमारीच बंद असते, आणि त्या काळातील लाटा या नावेच्या चाचणीच्या नाहीत. ऑक्टोबर ते मार्च हा काळ योग्य आहे. सकाळी लवकर उतरावे, कारण तेव्हा जमिनीवरून मतलई वारा वाहत असतो आणि तो लाटेचा उतार स्वच्छ ठेवतो. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि पाणी खवळून लाटांचा आकार मोडतो. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट हा आपला जुना हिशेब आजही उपयोगी आहे. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपास पाण्याची चढ-उतार बरीच कमी असल्यामुळे लाटा फुटण्याचा पट्टा फारसा सरकत नाही आणि ओढही सौम्य असते. दोन नावांची तुलना करायची असेल तर हाच दिवस निवडावा, कारण सकाळभर लाट जवळपास तशीच राहते. हिशेब ढोबळ आहे, म्हणून भरतीचे छापील कोष्टक आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या दिवशी पाहावा. तुमच्यासाठी लाट कमरेएवढीच असावी.

पाण्यात शिरण्याआधी किनाऱ्यावर बराच वेळ उभे राहून समुद्र पाहा. लाटा टोळीने येतात. काही लहान, मग तीन-चार मोठ्या, मग पुन्हा उसंत. ज्या जागी लाटा फुटत नाहीत आणि पाणी गढूळ किंवा गडद दिसते, तिथे बहुधा बाहेर जाणारी ओढ असते. नावेतल्या माणसाला बाहेर जाण्यासाठी ती वाट सोयीची आहे, पण नावेतून पडलेल्याने तिच्याशी झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून तिच्यातून बाहेर पडावे. हेल्मेट आणि लाइफ जॅकेट यांना पर्याय नाही. कयाक चालवता येणारा दुसरा माणूस पाण्यात आणि तिसरा काठावर असला पाहिजे; काठावरच्याकडे फोन हवा आणि त्यात ११२ बरोबर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही हवा.

सुरुवात फेसाळ पाण्यात, आडवे राहून करा, कारण लाटेवर शेवटी प्रत्येक नाव कधी ना कधी आडवी होतेच आणि ती स्थिती ओळखीची असेल तर भीती राहत नाही. फुटलेली लाट बाजूने आली की नाव लाटेकडे कलवा, वल्ह्याचे पाते फेसावर टेकवा आणि कोपर खांद्याच्या खाली, अंगाजवळ ठेवा. हात वर आणि लांब गेला की खांदा निखळण्याचा धोका असतो. लाटांतली ही सर्वांत नेहमीची गंभीर दुखापत आहे. नवी नाव इथेच आपले पहिले उत्तर देते. नाव लाटेकडे कलवलेली असताना किनाऱ्याकडची कड वाळूच्या दिशेने घसरताना मोकळी राहते का, की पाण्यात अडकून तुम्हाला किनाऱ्याकडे उलटवू पाहते? अडकत असेल तर आधी स्वतःचे कलणे वाढवून पाहा. तरीही अडकली तर ती कड तुमच्या वजनासाठी फार खाली बसते आहे, म्हणजे नाव तुम्हाला लहान पडते आहे. उलटलात तर लगेच पुढे वाकून डोके वल्ह्याजवळ घ्या, कारण पाणी उथळ असते. नावेतून बाहेर पडावे लागले तर नेहमी तिच्या समुद्राकडच्या बाजूला राहा. पाणी भरलेली नाव शेकडो किलोंची होते, आणि तिच्या व किनाऱ्याच्या मध्ये कुणीही असू नये.

यानंतरच न फुटलेली, उभी होत असलेली लाट घ्या. मागे वळून पाहा, मागचे टोक उचलले जाऊ लागताच जोर लावा आणि नाव सुटली की वल्हे मारणे थांबवून पुढे थोडे वाका. पुढचे टोक रुतते आहे असे वाटले तर मागे रेला. सरळ किनाऱ्याकडे न जाता सुरुवातीलाच थोडा तिरका कोन धरा, कारण तिरक्या मार्गावर उतार लांब मिळतो. वल्ह्याचे पाते मागे सुकाणूसारखे ठेवून केलेले वळण कोणत्याही नावेत जमते. तुम्हाला पाहायचे आहे ते हे, की सुकाणू नुसते पाण्यावर टेकवून, केवळ कड बदलून ही नाव लाटेवरच उलट बाजूला वळते का. वळली, तर तिची रचना आणि तुमचे वजन एकमेकांना जुळले. प्रत्येक वेळी सुकाणूवर जोर द्यावा लागला, तर एकतर स्केग खाली राहिली आहे, किंवा बैठक ढिली आहे, किंवा नाव तुमच्यासाठी मोठी आहे. या क्रमाने तपासा. स्केगच्या खोबणीत वाळू अडकणे ही तर रोजचीच अडचण आहे. तिच्या टोकाला छोटी दोरी बांधून ठेवली तर साथीदाराला पाण्यातच ती ओढून सोडवता येते.

मध्येच एकदा किनाऱ्यावर या आणि त्याच लाटांवर जुनी नाव घेऊन जा. हे कष्टाचे आहे, दोन्ही नावा घाटातून टपावर बांधून न्याव्या लागतील, पण याशिवाय केलेली तुलना आठवणीवर चालते. जुनी नाव जास्त लाटा पकडेल आणि प्रत्येक लाटेवर लवकर आडवी होईल. नवी कमी पकडेल, पण पकडलेल्या लाटेवर जास्त वेळ तुमच्या मर्जीने चालेल. हा फरक स्पष्ट दिसला नाही तर ती विकत घेऊ नका, मग तिची कीर्ती कितीही असो. टपावर नेताना प्लॅस्टिकची नाव शक्यतो कुशीवर, आतल्या आडभिंती जिथे आहेत तिथे पट्टे येतील अशी बांधा आणि पट्टे करकचून आवळू नका. उन्हात तापलेला सपाट तळ आत दबतो, आणि दबलेल्या तळाची नाव लाटेवर नीट घसरत नाही. उसनी घेतलेल्या नावेच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. परतल्यावर गोड्या पाण्याने धुताना नावेतल्या सामानाच्या बंद कप्प्यांची झाकणे उघडून आत किती पाणी शिरले तेही पाहा. लाटांत तासभर घुसळल्यावर आत तांब्याभर पाणी चालेल, बादलीभर चालणार नाही.

जुनी नाव विकण्याविषयी माझे मत असे, की निदान एक हंगाम थांबा. तुम्ही सांगलीत राहता, तुमचे बहुतेक वल्हवणे कृष्णेच्या संथ पाण्यावर होणार आणि समुद्र तुम्हाला सुट्टीतच मिळणार. लांब पल्ल्याच्या सफरी तुम्हाला खरोखर प्रिय असतील तर ४.२ मीटरची नाव तिथे तुम्हाला दमवेल, विशेषतः सोबतच्यांच्या नावा लांब असतील तेव्हा. दोन्ही ठेवणे शक्यच नसेल, तर गेल्या वर्षभरात तुम्ही पाण्यावर कुठे आणि कशासाठी गेलात ते वहीत लिहून काढा. त्यात समुद्राच्या फेऱ्या मोजक्याच असतील, तर जुनी नाव ठेवा आणि लाटांसाठी नवी नाव मागून किंवा भाड्याने वापरा.